तीन ठिपके आणि एक भुवई

माझ्या नवऱ्याने मला आयुष्यात कधीही मारलेलं नाही. हे मी एका रविवारी सकाळी माझ्याच घरच्या बैठकीत, भरल्या माणसांसमोर, गळ्याला हात लावून सांगितलं आणि त्यावर एकाचाही विश्वास बसला नाही. विश्वास न ठेवणाऱ्यांत माझा सख्खा भाऊ होता, आणि पोटचा मुलगाही होता.

आमच्या ह्यांना ज्यांनी पाहिलंय त्यांना एव्हाना हसू फुटलं असेल. दिगंबरराव लातूरच्या एका डाळ मिलमध्ये मॅनेजर आहेत, पण हमालाला पोतं उचलायला सांगताना 'बघा बुवा, जमतंय का' असं म्हणतात. घरात झुरळ निघालं तर हे दार उघडतात आणि ते आपणहून जाईल म्हणून बाजूला उभे राहतात. अशा माणसाच्या माथी बायकोचा डोळा सुजवल्याचा आळ आला. आणि तो आणणारी बाई म्हणजे मी, मंगल, प्राथमिक शाळेतली शिक्षिका, वर्गात रोज खरं बोलावं म्हणून शिकवणारी.

सगळं झालं तीन ठिपक्यांपायी. माझं माहेर अर्धापूरचं. मी शाळेत नुकतीच जायला लागले होते तेव्हा गावात गोंदणारीण आली. आईने मला मांडीत दाबून धरलं, आत्या पायांवर बसली, आणि माझ्या डाव्या भुवईच्या टोकाशी तीन हिरवे ठिपके उमटले. मी अख्खी गल्ली डोक्यावर घेतली होती. आई म्हणाली, "रडू नको माय. सासरी गेल्यावर अंगावरचं सोनं कुणीबी काढून घेईल, हे कोण घेणार?" त्या काळी आमच्याकडे गोंदलं की पोर देखणी झाली असं धरत. न गोंदलेल्या पोरीकडे बायका शिजायला ठेवलेल्या डाळीसारखं बघायच्या, की अजून जरा कच्ची दिसते.

पुढे जग बदललं आणि ठिपके तिथेच राहिले. माझ्या वर्गातली मुलं 'आमच्या बाई' हे चित्र काढताना आधी तीन ठिपके काढतात आणि मग उरलेल्या जागेत मला बसवतात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. पण आमच्या ऋषिकेशने पुण्यात त्याच्याच ऑफिसातली तन्वी नावाची मुलगी पसंत केली, आणि एका संध्याकाळी मोबाईलवर तिच्या आईशी माझी समोरासमोर गाठ घालून दिली. स्क्रीनवर त्या मोठ्या दिसत होत्या आणि कोपऱ्यातल्या चौकटीत मी. त्यांचा चेहरा कसा स्वच्छ, नितळ! आणि माझा म्हणजे तोंड धुताना एक बाजू राहून गेल्यासारखा. त्या काय बोलल्या ते मला आजही आठवत नाही. मी पूर्ण वेळ कोपऱ्यातल्या माझ्याकडेच बघत होते.

ही मंडळी प्रत्यक्ष घर बघायला येणार होती. त्यांच्यासमोर हे तोंड घेऊन जायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. ठिपके काढून देणारे डॉक्टर लातुरातही आहेत, पण लातुरात मी दवाखान्याची पायरी चढले की माझ्या आधी बातमी घरी पोचते. म्हणून नांदेड गाठलं. घरी सांगितलं, माहेरी जाते. माहेरी काहीच सांगितलं नाही. (एवढा पक्का बंदोबस्त मी परीक्षेच्या काळातही करत नाही.)

डॉक्टर भला माणूस होता. एका बैठकीत जात नाही, चारपाच वेळा यावं लागेल, डोळा जवळ आहे, सूज येईल, भुवईच्या केसांचं मी सांगू शकत नाही, असं बरंच काही तो बोलत होता. मी त्यातलं 'जातं' एवढंच ऐकलं. मग त्या यंत्राचा चटका बसला. गरम तेलाचा थेंब उडतो ना फोडणी करताना, तसा, पण एकाच जागी पुन्हा पुन्हा. ह्या वेळी मांडीत धरायला आई नव्हती, म्हणून मी गप्प बसले.

कपाळावर पट्टी लावून मी रात्रीच्या एसटीने घरी आले. ह्यांना खरं सांगावंच लागलं. ऐकून ह्यांनी मला आधी पाणी आणून दिलं. मग म्हणाले, "दुखून राहिलं का लई?"

"दुखू द्या. पण कुणापाशी तोंड उघडायचं नाही. माझी शपथ आहे तुम्हाला."

"बरं," हे म्हणाले. मला ह्यांच्याकडून असल्या शपथा घ्यायची वाईट सवय आहे, कारण हे त्या पाळतात.

सकाळी उठले तर डावा डोळा उघडेना. आरशात पाहिलं. सूज कपाळावरून खाली उतरून पापणीवर येऊन बसली होती आणि भोवती वांग्याच्या सालीचा रंग चढला होता. वर पांढरी पट्टी. पुणेकर पुढच्या रविवारी यायचे होते, तोवर उतरेल अशी मनाची समजूत घातली आणि मी चहा ठेवला. तेवढ्यात शेजारच्या नसीमभाभी विरजण मागायला आल्या. भाभींचा आणि माझा इतक्या वर्षांचा शेजार, की त्यांना माझ्या भांड्यांचे आवाज ओळखता येतात. माझ्याकडे बघून त्यांच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"या अल्ला. मंगल, काय झालं गं?"

"काही नाही भाभी. कपाटाचं दार लागलं."

भाभी विरजण घेऊन अंगणात गेल्या. तिथे हे फुलझाडांना पाणी घालत होते. भाभींनी त्यांना विचारलं, "भाईसाब, मंगलला काय लागलं?"

ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायचा प्रयत्न केला. कानापर्यंत लाल झाले. खाली मान घालून म्हणाले, "न्हाणीत पाय घसरला तिचा." आणि घाईघाईने झाड सोडून चपलांवर पाणी घातलं.

भाभी परत स्वयंपाकघरात आल्या, माझा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाल्या, "दार का न्हाणी, ते निदान दोघांनी मिळून ठरवायचं होतं, बेटा." मी हसले. आता कळतं, तिथेच चुकलं. मार खाल्लेल्या बायका अगदी तशाच हसतात.

भाभी घरी गेल्या आणि त्यांनी माझ्या भावाला फोन लावला. भावाचा नंबर त्यांच्याकडे होताच, कारण बालाजी दर हंगामात त्यांच्यासाठीही अर्धापूरहून केळी पाठवतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी ओट्याशी उभी राहून सुजेवर बर्फ धरत होते. तेवढ्यात माझा फोन वाजला. ऋषिकेश होता.

"आई, सरप्राइज! तन्वीच्या बाबांना पुढच्या रविवारी जमत नव्हतं, म्हणून आजच निघालो. अर्धी वाट मागं टाकली. तिघंही आहेत सोबत. तू काही जास्त करू नकोस, साधंच कर."

फोन ठेवून मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हणजे एका डोळ्याने बघितलं. हे म्हणाले, "पोहे भिजवू का?"

त्यानंतर आम्ही दोघांनी जे काही केलं त्याला तयारी म्हणायचं. मी पापणीवर पावडर लावली, तर जांभळ्यावर पांढरं पडून रंग आणखीच उठून दिसला. काळा चष्मा लावला, तर घरात काळा चष्मा लावून पोहे परतणारी बाई बघून हेच दचकले. शेवटी डोक्यावरून पदर घेतला आणि डावीकडे पुढे ओढला. आमच्या घरात पदर कुणी डोक्यावर घेत नाही. पण म्हटलं, पुणेकरांना काय माहीत.

आधी आला तो बालाजी. पिकअप अंगणात इतक्या जोरात थांबली, की कुंडी आडवी झाली. बालाजीबरोबर दोन चुलतभाऊ होते, दोघेही बागेत केळीचे घड खांद्यावर वाहणारे गडी. तिघांच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं आणि बालाजीच्या खांद्यावर केळीचा मोठा घड होता. (बहिणीच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नसतं. मेव्हण्याला मारायला आलात तरीही.) त्याने घड नीट ओसरीत टेकवला, जवळ येऊन माझा पदर बाजूला केला आणि तो डोळा बघितला. माझ्यापेक्षा धाकटा आहे तो.

"अक्का, तू बाजूला सर."

"बालाजी, अरे ऐक तरी..."

"तू सर म्हणलं ना. दाजी, आजवर तुम्हाला देवावानी मानलं. कुठं काय कमी केलं का आम्ही?"

"नाही रे," हे म्हणाले. "आधी पाणी घे. लांबून आलास."

"पाणी नगं मला. हिच्या डोळ्याला काय झालं, तेवढं सांगा."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी, म्हणजे उरलेल्या डोळ्याने, शपथेची आठवण दिली. खोटं बोलून एकदा फजिती झालेली, खरं बोलायची बंदी. हे बिचारे हात जोडून म्हणाले, "ते मला सांगता येत नाही, बालाजी."

ह्याच क्षणी दारात ऋषिकेश उभा राहिला. त्याच्यामागे तन्वी, तिचे बाबा आणि मिठाईचा डबा घेतलेली तिची आई. बैठकीत तीन धिप्पाड माणसं मुठी आवळून, मधे हात जोडलेला गृहस्थ, आणि कोपऱ्यात मी. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने एक क्षणभर, एकच क्षण, बापाकडे पाहिलं. ती नजर ह्यांना लागली. मला ती त्याहून जास्त लागली.

तन्वीचे बाबा सज्जन, मोजकं बोलणारे. ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि मुलीला जवळच्या खुर्चीवर बसवून तिच्या खुर्चीच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. त्या हातावरून मला कळलं की लग्न मोडलं. पोरीला अशा घरात कोण देईल? मीही दिली नसती.

मी पोह्यांच्या निमित्ताने आत पळाले. मागोमाग तन्वीच्या आई आल्या. ह्या मूळच्या उदगीरच्या, पण पुण्यात राहून भाषा इस्त्री केल्यासारखी झालेली. त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, आणि इस्त्री उतरली.

"ताई, लग्नाचं ऱ्हाऊ द्या तिकडं. मला खरं सांगा. तुम्हाला इथून निघायचंय का? गाडी उभी हाय. आत्ता चला."

मी त्यांना प्रत्यक्ष पहिल्यांदाच भेटत होते. त्या माझ्या घरी सोयरीक जुळवायला आल्या होत्या आणि मला गाडीत घालून न्यायला तयार झाल्या होत्या. इतकी भली बाई, आणि मी तिला नितळ दिसावं म्हणून हे सगळं करून बसले होते. मला भडभडून आलं. त्यांना वाटलं मी कबुली देते आहे. त्या मला थोपटायला लागल्या.

मग मात्र मी पदर खाली टाकला आणि तशीच बैठकीत आले. नसीमभाभीही येऊन दाराशी उभ्या होत्या. मी सगळ्यांसमोर सांगितलं. ह्यांनी मला आयुष्यात बोट लावलं नाही. मी नांदेडला जाऊन गोंदण काढून घेतलं, त्याची ही सूज आहे. गळ्याला हात लावून सांगितलं.

तन्वीचे बाबा अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही घाबरू नका. आम्ही सगळे आहोत इथे."

"अक्का," बालाजी म्हणाला, "गोंदण कोण काढतंय? मेल्यावरच जातं ते. दुसरं कायतरी सांग."

ऋषिकेश म्हणाला, "आई, तू असं करशील का कधी? तुझं तर ते..." आणि थांबला.

भाभींनी तर डोळ्याला पदर लावला. कपाट झालं, न्हाणी झाली, आता नांदेड. तिसरी गोष्ट माझ्या तोंडून ऐकल्यावर त्यांच्या मनात काहीच शंका उरली नव्हती.

आता माझं डोकं फिरलं. मी भुवईवरची ती पट्टी धरली आणि ओढली. कापूस, मलम, सगळं एकदम निघालं. "हे बघा," मी म्हणाले. "बघा, गेले का नाही ठिपके."

बैठकीत अशी शांतता पसरली की स्वयंपाकघरात पोहे करपल्याचा वास सगळ्यांना एकदम आला. बालाजी जवळ आला. मान वाकडी करून त्याने नीट बघितलं. मग त्याचा आवाज बदलला.

"अक्का, ठिपके हाईत की गं. तिन्ही जाग्यावर हाईत. भुवई गेली."

कुणीतरी आरसा आणून दिला. खरंच. तिन्ही ठिपके होते तिथे होते, जरा फिकट, पण होते. आणि भुवईचा शेपटाकडचा अर्धा भाग सफाचट. डॉक्टर ज्या केसांबद्दल काहीच सांगू शकत नव्हता, ते पट्टीला चिकटून आले होते. नवऱ्याच्या हाताने भुवई अशी रेघेत कापल्यासारखी जात नाही, हे सगळ्यांच्या एकदम ध्यानात आलं. आधी भाभी हसल्या. मग चुलतभाऊ. बालाजी ह्यांच्या पायाशी वाकायला गेला, तर हे घाबरून मागे सरले, कारण त्यांना वाटलं आता पाय ओढतो.

पण तन्वी हसत नव्हती. इतका वेळ ती एक शब्द बोलली नव्हती. भर उन्हाळ्यात तिने मनगटापर्यंत बाह्यांचा कुर्ता घातला होता, त्याची बाही तिने अजून खाली ओढून घेतली.

"काकू," ती म्हणाली, "मी ऋषीच्या फोनमध्ये तुमचा फोटो बघितला होता. बाबांना म्हटलं, त्या घरात आईच्या चेहऱ्यावर गोंदलेलं आहे, ते लोक मला काही म्हणणार नाहीत. पण तुम्हाला तुमचंच नको झालं. मग माझ्याबद्दल काय म्हणाल?"

तिच्या आई म्हणाल्या, "तन्वी, नको." तोवर तिने बाही वर केली होती. मनगटापासून कोपरापर्यंत, नांगी उगारलेला, काळाभोर विंचू.

तिच्या बाबांनी डोळे मिटून घेतले. ते माझ्या भावांकडे बघत नव्हते. पिकअपमधून उतरलेली ही माणसं पोरीच्या हातावरचा विंचू बघून काय बोलतील, ह्याची त्यांना धास्ती होती. बालाजी पुढे झाला, गुडघ्यावर बसला आणि खिशातला चष्मा लावून त्याने तो हात नीट निरखला. दोन्ही चुलतभाऊही वाकले.

"विंचू हाय," बालाजी म्हणाला. "आमच्या आईच्या पिंढरीवर असाच होता. पर ह्यानं नांगी बारकी काढली. आमच्याकडची बाई अशी वर वळवून काढायची."

"पायबी कमी हाईत," एक चुलतभाऊ म्हणाला.

"न्हाई, पाय बराबर हाईत. नांगीच बारकी."

तन्वीचे बाबा डोळे उघडून बघत राहिले. त्यांच्या घरात ह्या विंचवावरून कित्येक महिने अबोला होता, हे नंतर कळलं. इथे माझे भाऊ त्याच्या नांगीवर भांडत होते.

मी तन्वीजवळ बसले. तिचा तो हात हातात घेऊन म्हणाले, "तू राहू दे गं बाई तुझा विंचू. मी तुझ्या आईसारखं दिसावं म्हणून ही अवदसा करून घेतली. तू माझे हे ठिपके बघून इथे यायला तयार झालीस, हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझी भुवई वाचली असती."

ती हसली, पण तिची नजर ह्यांच्याकडे होती. घरातल्या पुरुषाचं काय, हा प्रश्न राहिलाच होता. ह्यांनी घसा साफ केला. शपथ सुटली होती.

"हिला बघायला गेलो तेव्हा मला मान वर करायची हिंमत नव्हती," हे म्हणाले. "हिनं पोहे ठेवले, तेव्हा एकदा चोरून बघितलं. तर हे तीन ठिपके दिसले. मी हो म्हणून टाकलं. बाकीची मंगल मी लग्न झाल्यावर बघितली."

इतक्या वर्षांच्या संसारात हे मला ह्या माणसाने कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं हे खरं, पण मी नांदेडची एसटी पकडायच्या आधी तरी सांगायचं. मी तसं बोलून दाखवलं. हे म्हणाले, "तू माहेरी जाते म्हणाली होतीस." तन्वीच्या बाबांनी मुलीच्या खुर्चीवरचा हात काढला आणि करपलेल्या पोह्यांची बशी उचलली.

लग्न ठरलं. पण लग्नाची तारीख जवळ आली तरी भुवई काही परत येईना. तन्वीने मला धीर दिला. म्हणाली, "आई, हल्ली भुवई गोंदून मिळते. लातुरातच." मला आधी चेष्टा वाटली. पण तिने मला एका पार्लरमध्ये नेलं, पाठीवर झोपवलं, स्वतः माझा हात धरून बसली, आणि एका मुलीने बारीक सुईने केस न् केस गोंदून माझी अर्धी भुवई पुरी केली. गोंदण काढायला गेलेली मी, भुवई गोंदवून घरी आले. आणि ती इतकी सुबक झाली की उजवीकडची, देवाने दिलेली, तिच्यापुढे अगदीच गबाळी दिसायला लागली. मग तीही करून घ्यावी लागली.

दोन्ही जरा वरच बसल्या आहेत. त्यामुळे लग्नाच्या अल्बममध्ये पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मी थक्क झालेली दिसते. अक्षता पडताना थक्क, जेवताना थक्क, सुनेला मिठीत घेतलं आहे आणि तिथेही थक्क. परवा अल्बम चाळताना विहीणबाईंनी न राहवून विचारलंच, "ताई, लग्नात तुम्हाला आमच्या नेमक्या कशाचं एवढं आश्चर्य वाटत होतं हो?" आता त्यांना कसं सांगू, की माझं हे आश्चर्य धुतल्यानेही जात नाही, आणि नांदेडला तर मी परत पाऊल ठेवणार नाही.